नवव्या पावलावरची खुर्ची

मित्रांनो, दोरीपलीकडे उभे राहून ज्या लंगड्या खुर्चीकडे तुम्ही माना वाकड्या करून बघताय, ती मी. जुनी आहे, लपवत नाही. तुमच्यातल्या पुष्कळांच्या आज्यांपेक्षा वयाने मोठीच भरेन. माझ्यासमोर पितळेची पाटी आहे. मला अक्षरओळख नाही, पण रोज एखादी शाळा येते आणि रोज कुणीतरी बाई ती पाटी मोठ्यांदा वाचून दाखवतात. ऐकून ऐकून मला ती तोंडपाठ झाली आहे. ‘थोर नटाच्या शेवटच्या प्रयोगात जिचा पाय मोडला, ती हीच खुर्ची.’ मग बाई म्हणतात, बघा, आणि तुम्ही बघता. कुणी तोंडावर हात ठेवून हसतं. कुणी दोरीखालून हात घालून मला ढकलून बघतं, आणि रखवालदार खेकसतो.

मित्रांनो, ती पाटी खोटी आहे. त्या प्रयोगात माझा पाय मोडला नाही. माझा पाय कधीच मोडला नाही. इतकी वर्षं मी गप्प राहिले, कारण खुर्चीला कोण विचारतं. पण आता माझ्या नावाने पाटीच ठोकली आहे म्हटल्यावर माझीही बाजू कुणीतरी ऐकायला हवी. तुम्ही लहान आहात, अजून ऐकता. म्हणून तुम्हालाच सांगते.

माझा जन्म एका दारातून झाला. कुठलंसं गोदाम पाडलं, त्याचं जाडजूड दार उरलं, आणि ते इथल्या नाटक कंपनीच्या सुताराने पाठीवर घालून आणलं. हा सुतार अगदी अबोल. दिवसभरात चार वाक्यं बोलला तर खूप झालं. पण हाताला अशी जादू, की लाकडाने आपणहून ऐकावं. त्याने माझ्यात एकही खिळा मारला नाही. सांध्यात सांधा बसवला, लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, मला उलटी केली आणि चारही पाय दोन्ही हातांनी हलवून बघितले. मग व्यवस्थापकांना म्हणाला, की हिच्यावर दोन माणसं नाचली तरी ही कुरकुरणार नाही. त्याने आयुष्यात मारलेली ती एकच बढाई. मी ती खरी करून दाखवली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कंपनीत सामान पुष्कळ होतं. पुठ्ठ्याचं एक सिंहासन होतं, त्याचा तोरा विचारू नका. लांबून राजवैभव, जवळून नुसता डिंक. पत्र्याच्या तलवारी होत्या, कामापेक्षा खणखणाट जास्त. सोनेरी रंग दिलेलं एक तिपाई स्टूल होतं, ते स्वतःला फार नाजूक समजायचं आणि महिन्यातून एकदा कुणाला तरी पाडायचं. अस्सल लाकूड काय ते माझंच. उंच पाठ, रुंद बैठक, हात नाहीत. मी राणीची बैठक झाले, न्यायाधीशाची खुर्ची झाले, न्हाव्याच्या दुकानात गेले, इस्पितळात जाऊन आले. तांबडा रंग दिला, काळा दिला, तो खरवडून पुन्हा तपकिरी दिला. बत्तीस नाटकं केली मी. एकदाही उशिरा आले नाही, एकदाही घसा बसला म्हणून प्रयोग रद्द केला नाही. असं काम करून दाखवणारा नट मला दाखवा.

तसा नट एकच होता, मास्तर. कंपनीचे मुख्य नट तेच आणि नवशिक्यांचे शिक्षकही तेच. शिकवण्यात गोडवा मुळीच नव्हता. त्यांचा एक नियम होता. कंपनीत नव्याने आलेल्याने पहिली काही वर्षं तोंड उघडायचं नाही. त्याने सामान मांडायचं. दोन प्रवेशांच्या मधे रंगमंचावर अंधार करतात, तो जेमतेम वीस आकडे मोजेपर्यंत असतो. तेवढ्यात जमिनीवरच्या खडूच्या खुणा शोधायच्या, प्रत्येक वस्तू आपापल्या खुणेवर ठेवायची, आणि उजेड यायच्या आत नाहीसं व्हायचं. मास्तर म्हणायचे, ज्याला खुर्ची जागेवर ठेवता येत नाही त्याला वाक्य जागेवर ठेवता येणार नाही. पुष्कळ मुलं आठवडाभरात पळून जायची. बोलायला आलेली असायची ना, ओझी वाहायला नाही.

जी टिकली ती एक मुलगी. तिची आई तळघरात कंपनीच्या कपड्यांना इस्त्री करायची. मनगटापासून कोपरापर्यंत त्या बाईच्या हातावर चटक्यांचे डाग होते, जुने पांढरे आणि नवे तांबडे. एक दिवस ती नऊ वर्षांच्या मुलीला दंडाला धरून वर घेऊन आली. मास्तर तेव्हा माझ्यावरच बसले होते.

“मास्तर, हिला काय वाटेल ते करायला लावा,” ती म्हणाली. “फक्त माझ्यासारखी इस्त्रीपाशी उभी नको.”

मास्तरांनी मुलीचा चेहरा बघितला नाही, आवाज ऐकला नाही. तिला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, “पाय वाजत नाहीत हिचे. राहू दे.”

त्या दिवसापासून खुणांचा खडू तिच्या हातात आला. बोटं पांढरी, नाक पांढरं, केसांत पांढरी रेघ. चार दिवसांत सगळी कंपनी तिला खडू म्हणायला लागली. ए खडू, इकडे ये. खडूला विचारा. तिचं खरं नाव काय होतं ते मला आठवत नाही, आणि पुढे तिने जे नाव घेतलं ते मला घ्यायचं नाही. माझ्यासाठी ती खडूच.

पहिला महिना तिने मला उचललं कमी आणि स्वतःच्या नडगीवर आपटलं जास्त. मी काही हलकी नाही. पण रडली नाही, आणि नडग्या काळ्यानिळ्या झाल्या तरी अंधारात हूं का चूं केलं नाही. वर्षभरात ती मला अशी ठेवायला लागली, की माझे चार पाय जमिनीला एकदम टेकायचे आणि मलाच पत्ता लागायचा नाही. मला आवडायची ती. आता सांगताना मन कडू होतं, पण खोटं कशाला बोलू, आवडायची.

मग मास्तरांनी तिला बसायला शिकवलं. तुम्हाला हसू येईल, बसायला काय शिकायचं. पण सकाळी रिकाम्या नाट्यगृहात मास्तर पहिल्या रांगेत आणि खडू माझ्यापाशी, असं महिनोन् महिने चालायचं. बस. ऊठ. तू बसली नाहीस, टेकलीस. पुन्हा. आता घरची मालकीण बसते तशी बस. आता त्याच घरी कामाला आलेली बाई मालकीण बाहेर गेल्यावर बसते, तशी. आता जिला नुकतंच काहीतरी वाईट कळलं आहे आणि जी अजून कुणाला सांगू शकत नाही, ती. चाळीस चाळीस वेळा. माझ्या बैठकीचा रंग तिने एकटीने घासून काढला. आणि सगळ्यात अवघड धडा शेवटचा. उठून गेल्यावरही जी बसली होती ती बाई खुर्चीत दिसली पाहिजे, असं मास्तर म्हणायचे. ती उठून विंगेत जायची आणि मास्तर रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचे. दिसत नाही म्हणाले की पुन्हा. शिकवत मास्तर होते, पण धडा गिरवला गेला तो माझ्या अंगावर. हे पाटीवर नाही.

लिहायलाही ती माझ्यापाशीच शिकली. दुपारी सगळे जेवून पसरले, की ती माझ्याखाली पाठीवर झोपायची आणि माझ्या बैठकीच्या खालच्या बाजूला खडूने लिहायची. कागद दिसला की आई त्यात इस्त्री केलेली कॉलर गुंडाळायची, म्हणून तिथे. मला गुदगुल्या व्हायच्या. लिहिताना ओठ हलवून पुटपुटायची तिला सवय, त्यामुळे काय लिहिते ते मला कळायचं. कधी आईचं आणि शेजारणीचं नळावरचं भांडण. कधी व्यवस्थापकांचं खोकत खोकत रागावणं. लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. एकदा मास्तरांनी पकडलं. माझ्याखाली डोकावले नाहीत, तिथूनच वाच म्हणाले. तिने भांडण वाचलं. मला तर बाई अगदी खरं वाटलं.

“शेजारणीच्या तोंडी तीन वाक्यं जास्त घातलीस,” मास्तर म्हणाले. “ती खोटं बोलत असेल तर राहू दे. खरं बोलत असेल तर काढ. खऱ्याला एवढे शब्द लागत नाहीत.”

तिने काढली. भांडण जास्तच झोंबायला लागलं.

ते माझ्याखाली डोकावले नाहीत, असं म्हटलं ना, त्याचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे कळलं. गालाला लावायचा रंग एकदा त्यांनी कानाला लावला. एकदा ते पेला टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला गेले. खडू पंधरा वर्षांची असताना एका सकाळी मास्तरांनी तिला रंगमंचावर बोलावलं, विंगेत कुणी नाही ना हे तिच्याकडून दोनदा बघून घेतलं, आणि दारापासून माझ्यापर्यंत मोठ्याने मोजत चालत आले. नऊ पावलं. नवव्याला वळले, पोटरी माझ्या कडेला लागली, आणि मागे न बघता बसले.

“मला हातभर अंतरापलीकडचं दिसत नाही,” ते म्हणाले. “हे तुला माहीत आणि मला माहीत. तिसऱ्याला कळलं तर मला घरी बसवतील. दारापासून नऊ पावलांवर ही खुर्ची. ती तू ठेवायची, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये.”

खडूने मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं की मान हलवलेली त्यांना दिसणार नाही, आणि ती हो म्हणाली.

मित्रांनो, तिसरी मी होते, पण मला कोण मोजतं.

दोन वर्षं तिने ती नऊ पावलं सांभाळली. डोळ्यांत तेल घालून सांभाळली. नाटक बदललं, पडदे बदलले, दारं बदलली, तरी खडू स्वतः पावलं टाकून खूण करायची, आणि मी नवव्या पावलावर. प्रेक्षक म्हणायचे, बघा, मागे न बघता कसे बसतात, याला म्हणतात रुबाब. रुबाब मास्तरांचा, खूण तिची, आणि पाय माझे.

सतराव्या वर्षी तिला पहिल्यांदा बोलायला मिळालं. नाटकात मास्तर पुष्कळ वर्षांनी तुरुंगातून घरी येणारे वडील झाले होते आणि ती त्यांची मुलगी. माझ्या पाठीवर हात ठेवून तिने उभं राहायचं, ते दारात आले की आई गेल्याची बातमी चार वाक्यांत सांगायची. मग ते नऊ पावलं चालून येणार आणि बसणार. एवढाच प्रवेश. पण आठ वर्षांच्या ओझ्यानंतर आलेला.

घोडं अडलं उजेडावर. वरचा दिवा माझ्यावर रोखलेला होता, कारण बसणार मास्तर. तिच्या चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात जायचा. तालमीत तिने दोनदा सांगितलं, की दिवा जरा फिरवा. दिवेवाला म्हणाला मास्तरांना विचार. तिने विचारलं.

“अर्ध्या तोंडाने बोल,” मास्तर म्हणाले. “पूर्ण तोंड मिळायला अजून अवकाश आहे.”

कंपनी हसली. खडूही हसली. पण माझ्या पाठीवर ठेवलेल्या तिच्या हाताची नखं माझ्या लाकडात रुतली, ती खूण अजून आहे. पाटी वाचून झाली की पाठीच्या वरच्या कडेला बघा, चार बारीक चंद्रकोरी आहेत.

पहिला प्रयोग दुपारचा होता. नाट्यगृह खच्चून भरलेलं. तळघरातून तिची आई वर आली होती आणि हातावर कुणाचा तरी कोट टाकून विंगेत उभी होती, कामासाठी आल्यासारखं दाखवत. अंधार झाला. खडूने मला उचललं, रोजच्यासारखं आणलं, रोजच्यासारखं खुणेवर ठेवलं. चार पाय एकदम टेकले. मग तिने जायचं नव्हतंच, तिथेच उभं राहायचं होतं. वीस आकड्यांपैकी दहा-बारा उरले असतील. त्या वेळात ती खाली बसली. मला उचललं, आणि डाव्या बाजूला वीतभर सरकवलं. जुनी खूण टाचेने पुसली आणि झग्याचा घेर तिच्यावरून फिरवला. मला हलवणाऱ्याचा हात मला कळतो. तो हात कापत नव्हता.

ती असं करताना काय विचार करत होती, ते मला ठाऊक आहे, कारण पुटपुटायची सवय सुटली नव्हती. वीतभर तर आहे, असं ती म्हणाली. पोटरी लागेलच त्यांची.

उजेड आला. माझ्याबरोबर तीही वीतभर दिव्याखाली सरकली होती, तिचा पूर्ण चेहरा उजळला. मास्तर दारात आले आणि तिने चार वाक्यं म्हटली. काय म्हटली म्हणून सांगू. मी बत्तीस नाटकं ऐकलेली बाई, मला सहसा काही वाटत नाही. पण तिसऱ्या वाक्याला नाट्यगृहातली खाकरणारी माणसंसुद्धा थांबली. मास्तर दारात उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर नाटकातला बाप नव्हता, शिक्षक होता. खूश झालेला. मी पाहिलं. तिने पाहिलं नाही, ती प्रेक्षकांकडे बघत होती.

मग ते चालायला लागले. एक, दोन, तीन. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो, खुर्चीला तोंड दिलेलं नाही. सहा, सात. मी जिथे असायला हवी होते तिथे ते येत होते. नऊ. वळले. एक पोटरी माझ्या कडेला लागली. एकच, पण तेवढ्यावर त्यांनी विश्वास टाकला, आणि बसले. अर्धे माझ्यावर, अर्धे हवेत. मी कलंडले. ते माझ्यावरून घसरून गुडघ्यावर आपटले आणि मी त्यांच्या शेजारी आडवी झाले.

आधी सगळे गप्प. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. मग मागून कुणीतरी हसलं. एक हसला की दुसऱ्याला मोकळीक मिळते. सगळं नाट्यगृह हसलं. मास्तरांचा तळहात जमिनीवर फिरत होता, खुर्ची शोधत, आणि पुसलेल्या खुणेवर येऊन थांबला. खडूने वाकून फक्त हात द्यायचा होता. ती उभीच राहिली. स्वतःच्या उजेडात.

पडदा पडला.

पडद्यामागे सगळे एकदम बोलायला लागले. व्यवस्थापक धापा टाकत आले, काय झालं, काय झालं. सुतार धावत आला. मास्तरांनी तळहात चोळला, खडूची पूड बोटांत धरून बघितली. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी तोंड खडूच्या दिशेला केलं, जरासं चुकलंच, तिच्या खांद्यापलीकडे बघत राहिले. मी म्हटलं, आता बोलतील. पण खुर्ची वीतभर बाजूला होती असं म्हटलं, की कुणीतरी विचारणार, मग तुम्हाला दिसली कशी नाही.

“पाय गेला खुर्चीचा,” मास्तर म्हणाले.

सुताराने मला तिथेच उलटी केली. चारही पाय दोन्ही हातांनी हलवून बघितले, माझ्या जन्माच्या दिवशी बघितले होते तसे. “मास्तर, चारही घट्ट आहेत. हात लावून बघा.”

“पडलो मी. तू नाही पडलास.”

कुणी हात लावून बघितलं नाही. सुताराने खडूकडे बघितलं, कारण खुर्ची तिच्या ताब्यात असते हे सगळ्यांना माहीत होतं. खडू खाली बघत होती. मग तो हत्यारांची पिशवी घेऊन निघून गेला. पुढे म्हणे लोकांच्या खिडक्या दुरुस्त करत फिरायचा. त्याची एकुलती एक बढाई खोटी ठरली होती ना.

तिची आई विंगेतून आली. तिने लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, झग्याकडे बघितलं. आयुष्यभर कपडे हाताळणाऱ्या बाईला डाग कशाचा आहे हे विचारावं लागत नाही.

“घेराला खडू लागलाय,” ती हळू म्हणाली. “काढून दे. मी धुते.”

आणि तिने धुतला. तिचं मला समजतं. चटक्यांनी भरलेले ते हात मी बघितले होते. समजतं, पण माफ होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खडू एकटी आली, माझ्याखाली शिरली आणि पाठीवर पडून राहिली. बऱ्याच वेळाने तिने लिहिलं. ओठ हलले. ‘मी हलवली. वीतभर.’ बस, एवढंच. मास्तरांना दिसलं असतं तर त्यांनी त्यातला एकही शब्द काढला नसता. तिने आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य ते, आणि ते माझ्या पोटाखाली, जिथे कुणी बघत नाही तिथे.

मास्तर पुन्हा रंगमंचावर आले नाहीत. गुडघ्याचं निमित्त झालं. खडू त्यांना भेटायला गेली की नाही, मला माहीत नाही, खुर्चीला कुणी भेटायला नेत नाही. झाडणारी बाई सांगायची, की ते घराच्या दाराशी बसतात आणि जिन्यावरून येणाऱ्यांची पावलं मोजतात.

पुढचं तुम्हाला बाई शिकवतात. खडू मोठी नटी झाली. मग लिहायला लागली, त्यातही मोठी झाली. तिचं सगळ्यात गाजलेलं नाटक स्वतःच्या घडण्यावरचं आहे. त्यात तळघरातली आई आहे, अंधारात सामान मांडणारी मुलगी आहे, कडक मास्तर आहेत. आणि शेवटी भर प्रयोगात खुर्चीचा पाय मोडतो, मास्तर पडतात आणि मुलगी धावत जाऊन त्यांना उठवते. त्यासाठी एक नवी खुर्ची केली होती. दोरी ओढली की तिचा पाय मोडायचा, आणि प्रयोग झाला की पुन्हा अडकवायचे. रोज मोडायचं आणि रोज उभं राहायचं, असलं आयुष्य नको गं बाई. पण टाळ्या त्या खुर्चीला पडायच्या. लोक डोळे पुसत बाहेर यायचे. खुर्चीचा पाय मोडला, हे मग खरंच झालं. छापून आलं म्हटल्यावर कोण शंका घेणार.

मी तोवर सामानाच्या खोलीत गेले होते. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, डब्यांवर पडदे टाकले. उंदरांनी पाठीचा कोपरा चाखून बघितला. सोनेरी स्टूल केव्हाच जळणात गेलं, सिंहासनाला पावसाने गिळलं. मी उभी होते, चार पायांवर, कुरकुर न करता.

मग या नाट्यगृहाला तिचं नाव द्यायचं ठरलं. बाहेरच्या दालनात तिच्या लहानपणच्या वस्तू मांडायच्या होत्या. ती स्वतः आली. केस पांढरे, या वेळी खडूने नाही. बरोबर एक तरुण सुतार. त्याने डबे उतरवले, मला पुसलं, उलटी केली आणि गोंधळला.

“बाई, हिचे तर चारही पाय शाबूत आहेत. एक खिळा नाही आणि सांधा बघा कसा आहे. दुसरी कुठली असेल.”

“हीच आहे,” ती म्हणाली.

“खाली काहीतरी लिहिलंय, पण मला लागत नाही नीट.”

ती खाली बसली. तिचे गुडघे वाजले. एवढ्या वर्षांत त्या अंधाऱ्या बाजूला कुणाचा हात लागला नव्हता, अक्षरं होती तशी होती. तिचे ओठ हलले. मी हलवली. वीतभर. मित्रांनो, मी कधी कुणापुढे हात पसरला नाही, मला हातच नाहीत. पण त्या क्षणी मी मनात म्हटलं, वाच. याला वाचून दाखव. एकट्या याला दाखव, पुरे आहे मला.

तिने हात पुढे केला आणि माझ्या सांध्यावरून बोट फिरवलं. तिचे डोळे भरून आले, हेही सांगते, नाही तर म्हणाल म्हातारी एकाच बाजूने बोलते. मग तिने पिशवीतून रुमाल काढला, त्याचा कोपरा जिभेने ओला केला, आणि पुसलं. एकदा पुसून गेलं नाही म्हणून दुसऱ्यांदा.

“मागचा डावा,” ती सुताराला म्हणाली. “मोड.”

त्याने जोर लावला, गुडघा लावला, मला भिंतीशी दाबून धरलं. त्याच्या कपाळावर घाम आला. मग म्हणाला, की सांधा ऐकत नाही, करवतच घ्यावी लागेल. ती म्हणाली घे, आणि बाहेर जाऊन उभी राहिली. करवतीचा आवाज थांबेपर्यंत आली नाही.

अशी मी इथे आले. आता तुमच्या बाई तुम्हाला म्हणतील, चला, पुढे बघायचं आहे. जा. पण माझं एवढं ऐकून जा. वस्तूंची निगा राखा, असं मी सांगणार नाही, ते तुम्हाला सगळेच सांगतात. एखादी वस्तू तुम्ही जागेवरून हलवलीत तर हलवली म्हणून सांगा. लगेच सांगा, आणि वरच्या बाजूला सांगा. आणि कुणी म्हणालं, की अमक्या खुर्चीने दगा दिला, तर नुसती पाटी वाचून माना हलवू नका. दोरीपाशी गुडघे टेका, खाली वाका आणि माझ्या मागच्या डाव्या पायाकडे बघा. मोडलेल्या लाकडाला तुसं असतात. कापलेलं सरळ असतं. एवढं ओळखायला वाचता यावं लागत नाही.